म्हैस गोजराबाईची, जाळ लताचा

गोजराबाईच्या म्हशी गोजराबाईच्या बांधावरचं गवत खायच्या, गोजराबाईच्या गोठ्यात शेण टाकायच्या, आणि जाळ मात्र पेटायचा तिच्या धाकट्या जावेच्या, लताच्या घरात. हा हिशेब कुठल्याही शहाण्या बाईला पटला नसता. गोजराबाईला तर तो असा झोंबला होता की पावसाळा अर्धा सरला तरी तिच्या पोटातली आग काही निवत नव्हती.

गाव पिंपळगाव बसवंतपासून तीन कोसांवर. कांद्याचं गाव. घरटी एक कांद्याची चाळ, आणि बोलणं कुठूनही निघालं तरी येऊन टेकायचं कांद्याच्या भावावर. अशा गावात त्र्याऐंशी साली कांद्याचं बोलणं चार महिने मागं पडलं ते गोबरगॅसमुळं. तालुक्याच्या त्या भागातला हा पहिलाच. पंचायत समितीचे विस्तार अधिकारी देवरे साहेब उन्हाळ्यात मोटारसायकलवरून आले होते आणि मारुतीच्या देवळापुढं माणसं जमवून त्यांनी सगळं समजावून सांगितलं होतं. बाया मागं, भिंतीला टेकून बसल्या होत्या. गोजराबाई त्यांच्यात पुढं होती, कारण ती कुठंही पुढंच असायची.

"ऊर्जा म्हणजे काम करायची ताकद," देवरे साहेब म्हणाले होते. "ती नवी तयार करता येत नाही आणि संपवताही येत नाही. ती फक्त रूप बदलते आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाते. सूर्याचं ऊन गवतात साठतं. गवत म्हैस खाते. त्यातलं काही तिच्या अंगी लागतं, काही दुधात उतरतं, आणि उरलेलं शेणात असतंच. ते शेण हवाबंद टाकीत सडलं की गॅस होतो. गॅस पेटवला की जाळ. जाळावर भाकरी. आणि भाकरी खाल्ली की तीच ताकद तुमच्या दंडात येते, नांगर धरायला."

माणसांनी माना डोलावल्या. गोजराबाईला बाकीचं फारसं आठवत नव्हतं, पण 'एकाकडून दुसऱ्याकडे जाते' एवढं मात्र पक्कं लक्षात राहिलं. तेव्हा तिला ते शब्द चांगले वाटले होते. कुणाकडून कुणाकडे जाणार, हे तिला तेव्हा कुठं माहीत होतं!

तिचा नवरा निवृत्ती गवंडी. हाताचा सरळ, तोंडाचा मुका. नाशिकला जाऊन गोबरगॅस बांधायचं शिक्षण घेऊन आलेला तालुक्याच्या या अंगाला तो एकटाच. पहिली टाकी नीट चालली तर आसपासच्या सगळ्या गावांमधल्या टाक्या त्याच्याकडून बांधून घ्यायच्या, असा शब्द देवरे साहेबांनी दिला होता. दुसऱ्याच्या हाताखाली विटा रचण्यात अर्धं आयुष्य गेलेल्या निवृत्तीला त्या शब्दानं झोप लागेनाशी झाली होती. जेवताना ताटात बोटानं टाकीची गोल भिंत काढत बसायचा.

पण पहिली टाकी बांधायची कुठं? इथं त्यानं घोडचूक केली. बायकोला न विचारता त्यानं धाकट्या भावाला, सहादूला शब्द देऊन टाकला. सहादूच्या परसात जागा होती, पाणी जवळ होतं, आणि लताचे डोळे चुलीच्या धुरानं सारखे गळत होते. पिंपळगावच्या डॉक्टरनं तिला धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं. एकट्या सहादूच्या जनावरांचं शेण पुरत नव्हतं, म्हणून निवृत्तीनं तेही सांगून टाकलं: "आमच्या दोन म्हशींचं शेण रोज तुमच्याकडं येईल."

"अन् गॅस?" गोजराबाईनं त्याच दिवशी विचारलं होतं.

"एकाच शेगडीपुरता व्हतो गं."

"म्हणजे शेण माझं अन् शेगडी तिची?"

"तिच्या डोळ्यांचं बघ की जरा."

"माझ्या डोळ्यात काय काचा बसवल्यात? मला धूर लागत नाय?"

निवृत्ती यावर काही बोलला नाही. तो बोलत नसे, हीच त्याची मोठी चलाखी होती. समोरच्यानं भांडून भांडून थकावं आणि यानं आपलं काम करत राहावं.

टाकी झाली. जमिनीत विहिरीसारखा गोल खड्डा, आतून विटांची भिंत, सिमेंटचा गुळगुळीत गिलावा. त्यात शेणकाला भरायचा आणि वर लोखंडाचा मोठा टोप पालथा तरंगत ठेवायचा. आत गॅस साठला की टोप वर उचलला जातो, संपला की खाली बसतो. टोपाला नळी, नळीच्या टोकाला लताच्या स्वयंपाकघरातली शेगडी. पहिल्या भरणाला सगळ्या आळीनं पाट्या भरभरून शेण आणून ओतलं. गोजराबाईनंही ओतलं. लोकांदेखत हात आखडता घेणं तिच्या स्वभावात नव्हतं.

आणि मग एका सकाळी टोप उचलला, सहादूनं काडी लावली, आणि शेगडीवर निळा जाळ फुलला. धूर नाही, राख नाही, फुंकणी नाही. बाया दारात दाटीवाटीनं उभ्या राहून बघत राहिल्या. कुसाबाईनं पातेल्याच्या बुडाला बोट लावून बघितलं आणि ते सगळ्यांना दाखवलं. काजळीचा ठिपका नाही! लतानं चहा टाकला. तोंडातली गोष्ट संपायच्या आत तो उकळला.

"लते, नशीब काढलंस गं बाई!" बायडाबाई म्हणाली.

लता डोक्यावरचा पदर सारखा करत गोड हसली. तिचं ते गोड हसणंच गोजराबाईला आधीपासून खुपायचं. बोलायची हळू, वागायची नमतं घेऊन, आणि सगळं गाव तिच्या बाजूला. इकडं गोजराबाई उन्हातान्हात राबायची, लग्नकार्यात सगळ्यांच्या पुढं कंबर कसायची, तिच्या हातच्या भाकरीचं नाव पंचक्रोशीत होतं, आणि तरी कुणी 'गोजराबाई चांगली हाय' असं नुसतं म्हणत नसे. 'चांगली हाय, पण' असं म्हणत. हा 'पण' तिला आयुष्यभर चिकटला होता.

त्या दिवसापासून बायांची बैठक हलली. पूर्वी दुपारची कामं उरकली की कुसाबाई, बायडाबाई, सगळ्या गोजराबाईच्या ओसरीवर टेकायच्या. आता त्या ओसरीवरून पुढं निघून जायच्या. जाता जाता विचारायच्या, "येती का गं, लताकडं चहा घेऊ?" गोजराबाई गोवऱ्या थापता थापता म्हणायची, "मला कामं हायेत." आणि गोवरी अशी भिंतीवर मारायची की शेणाचे शिंतोडे रस्त्यापर्यंत उडायचे.

पण खरा घाव बसला तो निवृत्तीच्या तोंडून. एका संध्याकाळी भाकरी मोडता मोडता तो आपणहून बोलला. तो आपणहून बोलला म्हणजे काहीतरी मनापासूनच असणार. म्हणाला, "लताच्या स्वयपाकघराचा रंग बघितलास? भिंत चुन्यासारखी पांढरी ऱ्हायलीय. जीव हरखतो बघून."

आपल्या नवऱ्याचा जीव आपल्या घरात कशानं हरखला होता, हे गोजराबाईनं आठवून बघितलं. आठवेना. त्यानं आपलं सगळ्यात देखणं काम दुसरीच्या परसात उभं केलं, आणि आता तिच्या भिंतीचं कौतुक आपल्या काळ्या भिंतीखाली बसून करतोय! तिनं तव्यावरची भाकरी उलटली नाही. करपू दिली आणि तीच त्याच्या ताटात वाढली.

दुसऱ्या दिवशी शेण बंद झालं.

"म्हशींचं पोट बिघडलंय," तिनं लताला सांगितलं. "पातळ हागत्यात. त्या शेणानं टाकी खराब व्हईल तुझी."

लतानं गोठ्याकडं पाहिलं. दोन्ही म्हशी निवांत रवंथ करत होत्या. "बरं जाऊबाई," ती म्हणाली आणि रिकामं घमेलं घेऊन परत गेली. निवृत्ती तेव्हा ओझरला कुणाच्या तरी घराच्या कामावर होता. उजाडायच्या आत जायचा आणि दिवेलागणीला यायचा. गोठ्यात काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता, आणि लतानं भासऱ्यापाशी तोंड उघडलं नाही. शेणाच्या गोवऱ्या झाल्या आणि गोजराबाईच्या माळवदावर रचल्या गेल्या.

टोप हळूहळू बसला. निळा जाळ आधी ठेंगणा झाला, मग शेगडीच्या भोकांशी नुसता थरथरायला लागला, आणि एके दिवशी चहा कोमट होण्याआधीच विझला. लताची चूल पुन्हा पेटली, तिचे डोळे पुन्हा गळायला लागले. गोजराबाईला वाटलं होतं, आता आपल्या पोटात गार पडेल. पडलंही थोडं. पण गावानं बोलायला सुरुवात केली ती भलतीच.

"भिंतीत फट ऱ्हायली असंल," पारावर माणसं म्हणाली. "गॅस झिरपतोय. निवृत्ती हातानं चांगला हाय, पण हे काम त्याला झेपायचं नाय."

नवऱ्यालाही तो 'पण' चिकटला. निवृत्तीनं ओझरचं काम सोडलं आणि टाकीपाशी येऊन बसला. लोखंडी टोपाच्या प्रत्येक सांध्याला, नळीच्या प्रत्येक वळणाला तो साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का ते डोळे ताणून बघायचा. बुडबुडा यायचा नाही. मग भिंत चाचपायचा. पुन्हा फेस. शेण येतं का, असं त्यानं विचारलं तेव्हा गोजराबाई म्हणाली, "घालतेय की जमंल तेवढं." त्यानं विश्वास ठेवला. बायको आपल्या मुळावर येईल, असं त्याच्या डोक्यात यायला जागाच नव्हती.

गोजराबाई दोन्ही परसांमधल्या कुडाआडून त्याला बघायची. वाकलेली पाठ, कोपरापर्यंत फेस, कपाळावर आठ्या. तिला कळत होतं की एका शब्दानं हे सगळं थांबेल. तो शब्द जिभेवर यायचा. मग पलीकडून लताचा आवाज यायचा, "दादा, दमला असाल, पाणी घ्या," आणि तो शब्द गोजराबाई गिळून टाकायची. हेव्यानं माणूस असा आंधळा होतो की आपलंच घर जळतंय हेही त्याला शेजारच्या उजेडामुळं दिसत नाही.

देवरे साहेबांचा निरोप आला. गुरुवारी येतो, टाकी बघतो, मग पुढच्या कामाचं ठरवू. निवृत्तीनं निरोप ऐकला आणि जेवण तसंच टाकून उठला.

लतानं मात्र हातपाय हलवायला सुरुवात केली होती. ती आळीत घरोघर जाऊन ओंजळ ओंजळ शेण मागून आणायची. सकाळी टाकीच्या तोंडाशी बांधलेल्या कुंडीत पाण्याबरोबर कालवून ठेवायची, वर तरंगलेल्या काड्या निघाव्यात म्हणून दुपारपर्यंत तसंच राहू द्यायची, आणि शेतावर भाकरी पोचवून आली की कुंडीच्या भोकातला चिंध्यांचा बोळा काढून शेणकाला टाकीत सोडायची. टोप दोन बोटं उचलला. गोजराबाईनं तो कुडाआडून पाहिला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हिला गावात कुणीच नाही म्हणत नाही!

त्याच रागात ती आपल्या चाळीत कांदे निवडायला बसली. पावसाळी हवेत कांदा सडायला लागला होता. सडका कांदा हातात आला की बोटं आत रुतायची आणि वास नाकात भरायचा. कांद्याच्या गावातलं पोरही जाणतं की चाळीत एक कांदा सडला आणि वेळीच काढला नाही, तर तो शेजारच्यांना सडवतो आणि बघता बघता ढीगच्या ढीग पाणी होतो. सडका कांदा ज्याला लागला ते संपलं. गोजराबाईचा हात थांबला. ज्याला लागला ते संपलं, मग टाकी कशी टिकेल?

त्या दुपारी लता शेताकडं गेलेली आणि निवृत्ती नेहमीसारखा जेवून आडवा झालेला बघून ती सडक्या कांद्यांची पाटी घेऊन कुड ओलांडून गेली. कांदे इतके गळलेले होते की कुंडीत टाकून काठीनं चार फेरे दिले की त्यांचा चिखल झाला. तिनं बोळा उपटला. गडगड आवाज करत सगळं आत गेलं. मग बोळा होता तसा लावून, कुंडीत नवं पाणी आणि थोडं शेण कालवून ती घरी आली, हात तीनदा धुतले, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी टोप आणखी उचललेला होता.

'कालच्या शेणाचा गुण असेल,' तिनं मनाची समजूत घातली. 'कांद्याला वेळ लागतो.' आणि तिनं दोन पाट्या ओतल्या. त्याच्या पुढच्या दिवशी टोप आणखी वर. लताच्या घरातून चहाचा वास आला. गोजराबाईनं दात ओठ खाऊन तीन पाट्या ओतल्या. घामाघूम झाली. चाळीपासून कुंडीपर्यंत, कुंडीपासून चाळीपर्यंत, वाकून, लपून, काठी फिरवून तिचे दंड भरून आले. स्वतःच्या घरच्या कामात तिनं त्या आठवड्यात एवढी मेहनत घेतली नव्हती. आणि टोप असा तरारून वर आला की बाजूनं बुडबुडे फुटायला लागले. कुसाबाई रस्त्यावरून ओरडून सांगत गेली, "अगं, लताच्या शेगडीचा जाळ बघून ये! पातेल्याच्या वर जातोय!"

गोजराबाई गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून उभी राहिली. तिला रडू आलं. तिनं लताचं वाईट करायला घेतलं तरी तिचं चांगलंच होत होतं. आता काय करायचं असतं माणसानं?

गुरुवारी देवरे साहेब आले. बरोबर ग्रामसेवक, मागून अर्धा गाव. निवृत्तीनं धुतलेला सदरा घातला होता. लतानं शेगडीची चावी फिरवून काडी लावली, आणि भक्क करून असा जाळ उठला की साहेब एक पाऊल मागं सरले.

"शाब्बास!" ते म्हणाले. मग परसात येऊन त्यांनी टोपाभोवती चक्कर मारली, आणि त्यांचा चेहरा विचारात पडला. "पण मला एक कळत नाही. ग्रामसेवक म्हणाले की मागच्या आठवड्यात टोप पार बसला होता. आता इतका गॅस की बाहेर निघतोय. फट होती का, मिस्तरी?"

"फट सापडली नाय साहेब," निवृत्ती म्हणाला.

"मग बसला कसा? आणि आता उचलला कसा?"

निवृत्तीनं टोपीला हात लावला, खाली पाहिलं. साहेब सौम्य होते, पण कामाला पक्के होते. "हे बघा, कारण कळल्याशिवाय मी तालुक्याच्या टाक्या तुमच्या हाती कशा देऊ? उद्या दुसऱ्या गावात असंच झालं तर लोक मला विचारतील."

इथं कुसाबाईला बोलायची हुक्की आली. "साहेब, कारण कसलं त्यात! आमच्या लताच्या हाताला गुण हाय. तिनं दारोदार फिरून शेण गोळा केलं. लेकरासारखी सांभाळली टाकी."

"असं?" साहेब लताकडं वळले. "मग बाईंचंच कौतुक करायला हवं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लता गोड हसली. आणि गोजराबाईला ते सहन झालं नाही. तीन तीन पाट्या वाहिल्या तिनं, कंबर मोडली तिची, आणि टाळ्या लताला! काय बोलतोय याचा विचार करायच्या आत ती पुढं झाली होती.

"हाताबिताला काय गुण नाय!" ती ओरडली. "कांदे घातलेत त्यात. सडके कांदे. मी घातलेत!"

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. देवरे साहेबांनी चष्मा सरळ केला. "कांदे? टाकीत?" आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अहो, बरोबर! का नाही? कांद्यातही उन्हाचीच ताकद साठलेली असते. सडून वाया जायची, ती इथं गॅस होऊन हाती आली. शेणापेक्षा कांदा लवकर सडतो, म्हणून टोप एवढा पटकन उचलला. वाहवा! थोड्या बेतानं घातलात तर उत्तमच. या गावात सडक्या कांद्याला काय तोटा! पण बाई, तुम्हाला हे सुचलं कसं? का घातलेत?"

का घातले? अर्धा गाव तिच्या तोंडाकडं बघत होता. तेवढ्यात बाजूनं हळू, नमता आवाज आला.

"गॅस वाढावा म्हणून घातले त्यांनी." लता होती. "त्यांच्या म्हशी आजारी व्हत्या साहेब, शेण कमी पडलं, म्हणून तं टोप बसला. मग जाऊबाईंनीच ही युक्ती काढली. रोज दुपारी येऊन स्वतः कालवायच्या. मी शेतावरनं येताना बघायची."

बघायची! लतानं पाहिलं होतं. पहिल्या दिवसापासून पाहिलं असेल. पाहिलं, गप्प राहिली, आणि तिच्या कांद्यांवर आपला चहा उकळून घेतला!

पण बाकी कुणाला यातलं काय कळणार? टाळ्या वाजल्या, आणि या वेळी त्या गोजराबाईसाठी होत्या. बायडाबाईनं तिच्या पाठीवर थाप मारली. ग्रामसेवक तिचं पूर्ण नाव विचारायला लागले. "म्हणजे मिस्तरींचं बांधकाम पक्कं आहे," देवरे साहेब म्हणाले, "आणि घरची मंडळी त्यांच्याहून हुशार. निवृत्ती, सोमवारी या. कामाचं बोलून टाकू."

निवृत्तीनं बायकोकडं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाच्या डोळ्यांत असं काही तिनं कधी पाहिलं नव्हतं. अभिमान होता त्यात. लताच्या पांढऱ्या भिंतीकडं तो बघत असेल त्याहून कितीतरी जास्त. तिला हवं होतं ते सगळं त्या क्षणी तिच्या ओंजळीत होतं. गाव होतं, नाव होतं, नवरा होता. नुसतं गप्प राहायचं होतं.

तिनं लताकडं पाहिलं. लता मान थोडी कलती करून उभी होती, शांत, सगळं पोटात घेतलेली. ते तोंड आता रोज बघायचं. कुडाअलीकडून, कुडापलीकडून. हिनं आपल्याला वाचवलं, हे जन्मभर लक्षात ठेवून बघायचं. नवऱ्याच्या डोळ्यांतला हा अभिमानसुद्धा लतानंच दिलेला. चहासारखा, कपात ओतून.

"खोटं बोलतीय ती," गोजराबाई म्हणाली.

टाळ्या थांबल्या.

"युक्ती बिक्ती काय नव्हती. टाकी नासावी म्हणून कांदे टाकले मी. हिचा जाळ विझावा म्हणून. अन् म्हशी चांगल्या ठणठणीत हायेत. शेण मीच आडवलं. टोप बसला तो माझ्यामुळं. ह्यांच्या भिंतीत काय बी फट नाय."

कुणीतरी फिसकन हसलं. कुसाबाईनं तोंडात पदर कोंबला. देवरे साहेब उगीचच टोपावर बोटांनी वाजवत राहिले.

"मी भिंत चाचपत व्हतो," निवृत्ती हळू म्हणाला, "तवा तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

त्याचे डोळे विझले. त्याच्याकडं बघवेना म्हणून तिनं नजर खाली घातली. देवरे साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "तुमचं काम पक्कं आहे, त्यात बदल नाही. सोमवारी या," असं म्हटलं, आणि तो साहेबांबरोबर रस्त्याकडं चालायला लागला. मागं वळून त्यानं पाहिलं नाही. गावही पांगलं. आठवडाभर चघळायला पुरेल एवढं सगळ्यांना मिळालं होतं.

परसात दोघी जावाच उरल्या. आत शेगडी तशीच ढणढणत होती, चावी बंद करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"बोलायची काय गरज व्हती?" लता म्हणाली. "मी घेतलं व्हतं ना सांभाळून. कुणाला बी कळलं नसतं."

"म्हणूनच बोलले," गोजराबाई म्हणाली. "गावानं माझ्या तोंडात शेण घातलं तरी चालंल. पण तुझ्या मोठेपणावर नाय जगायची मी."

लताचं ते कायमचं गोड तोंड हळूहळू वाकडं झालं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला.

"जलमभर सगळे म्हणत्यात, लता गरीब हाय, लता भोळी हाय. आज एक मोठी गोष्ट माझ्या हातनं झाली व्हती, साऱ्या गावासमोर. ती बी तुमाला बघवली नाय!"

लता म्हणत होती ते खरं होतं. गोजराबाईला ती खरंच बघवली नव्हती.